बालकामगारविषयक कायदे आणि मुलांचे बालपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपून साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतील अनेक शाळांच्या हजेरीपटांवर एकाच वेळी बरीच नावे गैरहजर दिसू लागतात, कारण ही मुले आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका, पालक आणि कधीकधी तोडणीचे मजूर आणणारे मुकादमही याबाबत जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कायदा संपूर्ण भारताचा असला तरी उदाहरणे प्रामुख्याने महाराष्ट्रातील आणि त्यातही ऊसतोडीची घेतली आहेत, कारण कायद्याची ताकद आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी उसाच्या फडात जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या क्वचितच इतरत्र दिसतात.

कायद्याच्या दृष्टीने बालकामगार कोणाला म्हणतात?

मूळ कायदा १९८६ चा आहे. २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ सप्टेंबर २०१६ पासून अमलात आली आणि कायद्याचे नाव ‘बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम’ असे झाले. या कायद्यानुसार वयाची १४ वर्षे पूर्ण न केलेली व्यक्ती म्हणजे ‘बालक’ आणि १४ पूर्ण पण १८ पूर्ण नसलेली व्यक्ती म्हणजे ‘किशोरवयीन’. दुरुस्तीपूर्वी १४ वर्षांखालील मुलांना फक्त ठरावीक धोकादायक व्यवसायांत बंदी होती. उरलेल्या व्यवसायांत नियम पाळून त्यांना कामाला ठेवता येत असे. घरकाम, ढाबे आणि हॉटेले ही कामेदेखील बंदीच्या यादीत आली ती १० ऑक्टोबर २००६ रोजी. आता यादी पाहण्याचे कारण उरलेले नाही. १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्याला केवळ दोन अपवाद आहेत : कुटुंबाला मदत आणि कलाकार म्हणून काम.

मूल शाळा सुटल्यावर घरच्या दुकानात बसते किंवा शेतावर जाते. हे बेकायदेशीर आहे का?

नाही, पण ‘घरची मदत’ या शब्दांना कायद्याने बऱ्याच अटी घातलेल्या आहेत आणि त्या फार कमी लोकांना ठाऊक आहेत. कायद्यातील ‘कुटुंब’ म्हणजे मुलाचे आई-वडील, भाऊ-बहीण, तसेच काका, आत्या, मामा आणि मावशी. मदत शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत असावी आणि काम धोकादायक नसावे, हे कायद्यातच म्हटले आहे. २०१७ च्या नियमांनी यात भर घातली. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत मुलाकडून अशी मदत घेता येत नाही; सलग तीन तासांहून अधिक काळ त्याला विश्रांतीविना राबवता येत नाही; मोठ्या माणसाच्या जागी बदली मजूर म्हणून त्याला उभे करता येत नाही. व्यवसाय कुटुंबाच्याच ताब्यातील असला पाहिजे, आणि मुलाच्या मदतीमुळे गृहपाठ किंवा शाळेचे अन्य उपक्रम मागे पडता कामा नयेत.

म्हणजे सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या किराणा दुकानात पुड्या बांधणारी मुलगी कायद्याला मान्य आहे. पहाटे चार वाजता उठून दूध घालायला जाणारा आणि वर्गात बाकावर डोके टेकून झोपणारा तिचाच भाऊ मात्र मान्य नाही, मग गोठा घरचा असला तरी.

या अपवादावर २०१६ मध्ये बरीच टीका झाली आणि आमच्या मते ती योग्य होती. शेतकरी, कारागीर आणि बलुतेदार समाजातील मुलांचे काम मुळातच घराच्या चार भिंतींत चालते. तिथे कामगार निरीक्षक पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी मूल सात वाजण्यापूर्वी काम करत होते की नंतर, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. नियम चांगले आहेत. ते पाळले जातात की नाही हे पाहणारे कोणी नाही.

ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर गेलेले मूल घरच्यांनाच मदत करते. मग त्याला बालकामगार का म्हणायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे. बहुतेक वेळा नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम हंगामापूर्वी प्रत्येक कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि तोडलेल्या उसाच्या टनामागे ठरलेल्या दराने ती फेडून घेतो. कामाचा दाम टनावर असल्यामुळे कुटुंबात जितके हात अधिक, तितकी उचल लवकर फिटते. एका दिवसाचा खाडा पडला तर तो अंगावर बसतो. अशा हिशेबात दहा-बारा वर्षांचे मूल ‘नुसते बरोबर’ राहत नाही. ते पाचट (उसाची वाळलेली पाने) बाजूला करते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, मोळ्या बांधायला हात लावते, बैलांना पाणी दाखवते, आणि अंगात थोडे बळ आले की डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढते.

आता कायद्याच्या भाषेत पाहू. फड त्या कुटुंबाच्या मालकीचा नाही, ताब्यातही नाही. ऊस दुसऱ्या शेतकऱ्याचा, वाहतूक आणि तोडणीचा करार कारखान्याशी किंवा ठेकेदाराशी, आणि मजुरी मुकादमामार्फत. कुटुंबाच्या ताब्यातील व्यवसायात आणि मोबदल्याशिवाय केलेली मदत हीच नियमांना मान्य असल्यामुळे फडातील मुलाचे काम ‘कुटुंबाची मदत’ या अपवादात बसत नाही. त्याचे वय १४ वर्षांखाली असेल तर तो बालकामगार आहे, त्याच्या शेजारी त्याची आईच कोयता चालवत असली तरी.

मात्र याच फडाच्या कडेला, मजुरांच्या कोपीपाशी (झोपडीपाशी), आणखी एक मूल असते आणि त्याच्यापाशी येऊन कायदा जवळपास मुका होतो. ती असते आठ-नऊ वर्षांची मोठी बहीण. आई पहाटे फडावर जाते, तेव्हापासून तान्ह्या भावाला कडेवर घेणे, पाणी आणणे, भाकरी थापणे आणि सामान राखणे हे सर्व तिच्याकडे असते. तिला कोणी मजुरी देत नाही, तिचा कोणी मालक नाही, त्यामुळे खटला भरायला समोर आरोपी नाही. नियम एवढेच म्हणतो की घरातील मदतदेखील मुलाच्या शिक्षणाला आणि वाढीला बाधक नसावी. तिची पाच महिन्यांची शाळा बुडालेली असते, म्हणजे नियमाचा भंग झालेला असतो. पण त्या भंगाला उपाय दंडाचा नाही. तिथे पाळणाघर लागते, आणि गावी हंगामी वसतिगृह लागते.

१४ ते १८ या वयातील मुलांना कोणते काम करता येते?

खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटके, आणि कायद्याच्या परिशिष्टातील धोकादायक प्रक्रिया यांत त्यांना काम करता येत नाही. इतर ठिकाणी करता येते, पण विश्रांतीचा वेळ धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती देऊन, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत अजिबात नाही. जादा तास काम करून घेण्यास बंदी आहे, आठवड्याची सुट्टी बंधनकारक आहे आणि मालकाने अशा मुलांची नोंदवही ठेवली पाहिजे. गॅरेज, बेकरी, मंडप आणि केटरिंग या व्यवसायांतील मालकांनी हे तास वाचून आपल्याकडील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे तास मोजावेत, इतकीच विनंती.

चित्रपट, मालिका आणि जाहिरातींत लहान मुले काम करतात, ते कसे चालते?

कलाकार म्हणून काम करण्यास अपवाद आहे, सर्कशीला नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि मुलाच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते.

कामाचा मुलांच्या शरीरावर नेमका काय परिणाम होतो?

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, या गैरसमजातून बरेचसे नुकसान घडते. मुलांची हाडे वाढत असतात आणि लांब हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे भाग मऊ असतात. डोक्यावर किंवा पाठीवर रोज ओझे पडले तर इजा त्याच भागांना आणि मणक्याला होते, आणि ती बहुधा वीस-पंचविसाव्या वर्षी पाठदुखीच्या रूपाने लक्षात येते. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त श्वास घेते, जास्त पाणी पिते, आणि त्याच्या त्वचेचा पसाराही वजनाच्या मानाने मोठा असतो. म्हणून त्याच हवेतील धूळ, तेच कीटकनाशक, तोच धूर त्याच्या शरीरात प्रमाणाने अधिक जातो. विडी वळणाऱ्या घरांत तंबाखूतील निकोटीन त्वचेवाटे आणि श्वासावाटे मुलांच्या अंगात जाते. दगडाची किंवा पाटीच्या पेन्सिलीची भुकटी उडते तिथे सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे कायमची जायबंदी होतात. मध्य प्रदेशातील मंदसौर या कारणासाठी अनेक दशके कुप्रसिद्ध राहिले.

हत्यारे आणि यंत्रे मोठ्यांच्या मापाची असतात, हेही विसरता कामा नये. कोयत्याची मूठ, मोळीचा घेर, ट्रॉलीची उंची यांपैकी काहीही बारा वर्षांच्या हातासाठी बनवलेले नसते. उसाच्या पातीने हातपाय चिरतात, पाचटात साप निघतात, रात्री भरलेल्या ट्रॉलीवर झोपलेली मुले पडतात. त्यात अपुरी झोप, पिण्याच्या स्वच्छ पाण्याचा अभाव आणि हंगामभर चुकलेले लसीकरण यांची भर पडते. यातील एकेक गोष्ट किरकोळ वाटू शकते. पाच-सहा हंगाम ओळीने त्या अंगावर घेतलेल्या मुलाची उंची, वजन आणि रक्तातील लोह पाहिले की ती किरकोळ राहत नाही.

आणि मनावर?

याविषयी बोलले जाते ते कमी. दुसऱ्याच्या घरी कामाला ठेवलेल्या मुलीला समवयस्क सोबत नसते, तिच्या दुखण्याखुपण्याला कोणी विचारणारे नसते, आणि घरातील मुलांचे डबे भरून देताना आपण शाळेत का जात नाही याचे उत्तर तिला रोज स्वतःलाच द्यावे लागते. मारहाण आणि लैंगिक अत्याचार यांचा धोका बंद दारांमागे सर्वाधिक असतो.

स्थलांतरित मुलांच्या बाबतीत लाज ही फार मोठी गोष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर मूल वर्गात परत येते तेव्हा वाचनात ते दोन पायऱ्या मागे गेलेले असते. शिक्षक रागावला नाही तरी शेजारचा मुलगा हसतो. शाळा सोडण्याचा निर्णय पुष्कळदा आई-वडील घेत नाहीत. तो त्या हसण्यानंतर मूल स्वतःच घेते. मुलींच्या बाबतीत पुढची पायरी लग्नाची असते. फडावर वयात आलेली मुलगी सांभाळायची कशी, ही आई-वडिलांची चिंता, आणि नव्या जोडप्याचा स्वतंत्र कोयता होऊन स्वतंत्र उचल मिळते हा हिशेब, या दोहोंतून अठराच्या आत लग्ने उरकली जातात.

थोडे काम केल्याने मुले जबाबदार होतात, हे खरे नाही का?

खरे आहे. परसातल्या भाजीला पाणी घालणारे, आजीबरोबर शेंगा फोडणारे, सुट्टीत वडिलांच्या सुतारकामाशेजारी बसून रंधा पाहणारे मूल काहीतरी शिकत असते आणि ते तोडण्याचा कायद्याचा हेतूही नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : मूल आज आले नाही तर काम अडेल का, आणि कुटुंबाचे पैसे कापले जातील का? उत्तर ‘हो’ असेल तर ते शिक्षण नाही, ती मजुरी आहे.

हा युक्तिवाद कोण करतो याकडेही पाहावे. आपल्या मुलाने जबाबदारी शिकावी म्हणून त्याला वीटभट्टीवर पाठवणारा सुस्थितीतील माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही.

या कायद्यांमुळे मुलांचे प्रत्यक्षात भले झाले का?

याचे प्रामाणिक उत्तर असे की एकट्या कायद्याने फारसे झाले नाही. कायद्याबरोबर शाळा आणि मोठ्यांची मजुरी सुधारली तिथे मात्र झाले.

इतिहास लांबचा आहे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने कारखान्यात कामाला लावण्याचे किमान वय ७ वर्षे ठरवले आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम करता येईल असे म्हटले. त्या कायद्याच्या अपुरेपणाविरुद्ध मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केले. १८९१ मध्ये किमान वय ९ झाले आणि मुलांचे तास सातवर आले. गिरणीतील मुलांचे वय वाढत गेले ते असे, दोन-तीन वर्षांच्या पायऱ्यांनी. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद २४ ने कारखाने, खाणी आणि धोकादायक कामांत १४ वर्षांखालील मुलांना बंदी केली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या फटाका व आगपेटी उद्योगासंबंधीच्या एम. सी. मेहता खटल्यात धोकादायक कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरावेत असा आदेश दिला, आणि त्या मुलाच्या जागी घरातील मोठ्या माणसाला काम द्यावे, ते शक्य नसेल तर शासनाने आपला वाटा घालावा, असे सांगितले. मुलाची सुटका आणि मोठ्याची रोजी यांची गाठ न्यायालयाने एकाच आदेशात बांधली, म्हणून तो निकाल आजही वाचण्यासारखा आहे.

याउलट १९८६ च्या कायद्याचा अनुभव सावध करणारा आहे. प्रशांत भारद्वाज, लिया लकडावाला आणि निकोलस ली या अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातील राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की कायद्यानंतर मोठ्यांच्या तुलनेत मुलांची मजुरी घसरली आणि गरीब कुटुंबांतील मुलांचे काम कमी होण्याऐवजी वाढले. त्यांनी लावलेली संगती समजण्यासारखी आहे. पकडले जाण्याची जोखीम मालक मुलाच्या मजुरीतून वळती करून घेतो, आणि पोटापुरते मिळवण्यासाठी झगडणाऱ्या घराला तेवढेच पैसे आणायला मुलाला जास्त तास, किंवा दुसऱ्या भावंडालाही, कामाला लावावे लागते. याचा अर्थ बंदी नको असा मुळीच नाही. घरात येणारा पैसा थांबवला तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी यायला हवे, इतकाच त्याचा अर्थ आहे.

ते ‘दुसरे काहीतरी’ आले तिथे फरक पडला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. अविभाजित आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा आणि त्यांची एम. व्ही. फाउंडेशन ही संस्था यांनी ‘शाळेबाहेरचे प्रत्येक मूल हे बालकामगार’ ही भूमिका घेऊन गावेच्या गावे बालमजुरीमुक्त केली. २००१ च्या जनगणनेत देशात ५ ते १४ वयोगटातील सुमारे १ कोटी २६ लाख मुले काम करत होती. २०११ मध्ये ती सुमारे १ कोटी १ लाख झाली, त्यांपैकी महाराष्ट्रात सव्वासात लाखांहून अधिक. जगाचा विचार केला तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२४ च्या अंदाजानुसार १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत आहेत आणि त्यांतील जवळपास ६१ टक्के शेतीक्षेत्रात. कारखान्याचे दार कायद्याने बऱ्यापैकी बंद केले. शेताला दार नसते.

ऊसतोड मजुरांच्या दराचा प्रश्न म्हणूनच मुलांचाही प्रश्न आहे. २०२४ च्या सुरुवातीच्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. अशी प्रत्येक वाढ मुलाला फडावर नेण्याची गरज थोडी कमी करते, आणि त्या वाटाघाटींच्या बातम्या वाचताना हे क्वचितच कोणी म्हणते.

शिक्षा कोणाला होते? आई-वडिलांना तुरुंगात टाकतात का?

१४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणाऱ्या मालकास सहा महिने ते दोन वर्षे कारावास, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा गुन्हा केल्यास एक ते तीन वर्षे कारावास आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात. आई-वडिलांनी व्यापारी हेतूने मुलाला कामाला लावू दिल्याखेरीज त्यांना शिक्षा होत नाही, आणि दोषी ठरल्यानंतर तोच गुन्हा पुन्हा केल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पहिल्या गुन्ह्यात तडजोडीचीही, म्हणजे रक्कम भरून खटला मिटवण्याची, सोय कायद्याने ठेवली आहे. मालकाच्या बाबतीत ती सोय आम्हाला अनावश्यक उदार वाटते.

याशिवाय बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७९ खाली मुलाला कामासाठी बंधनात ठेवणे किंवा त्याची कमाई अडवून ठेवणे यासाठी पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपये दंड आहे. हा कायदा १८ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला लागू होतो, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तक्रार लिहिताना हे कलम आठवणीने नमूद करावे. गोव्यातील वाचकांसाठी : तिथे २००३ पासून गोवा बाल अधिनियम हा राज्याचा स्वतंत्र कायदाही लागू आहे.

उचल घेतलेल्या कुटुंबाचे मूल कामावर ठेवून घेतले तर?

ती वेठबिगारी ठरू शकते. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार आगाऊ रकमेच्या बदल्यात कोणाला राबवून घेणे गुन्हा आहे आणि असे कर्ज कायद्याने आपोआप रद्द होते. मुलाचे श्रम गहाण टाकण्यावर तर १९३३ पासूनच बंदी आहे. तरीही २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची मुले किरकोळ रक्कम आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिली गेल्याचे उघड झाले, आणि तेही एका मुलीच्या मृत्यूनंतर. ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर पावसाळ्यात दिलेल्या उचलीपोटी कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह जातात. अशा प्रकरणांत केवळ बालकामगार कायद्याखाली नोंद करून थांबू नये. जिल्हाधिकाऱ्यांकडून वेठबिगारमुक्तीचा दाखला मिळाला तर पुनर्वसनाची रक्कम पुष्कळ मोठी मिळते. मुलांसाठी केंद्राच्या योजनेत ती दोन लाख रुपये आहे.

सोडवलेल्या मुलाचे पुढे काय होते?

त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती चौकशी करून मुलाला घरी पाठवते किंवा तात्पुरते बालगृहात ठेवते. मालकाकडून वसूल झालेला दंड पुनर्वसन निधीत जमा होतो, त्यात शासन प्रत्येक मुलामागे १५,००० रुपये घालते, आणि ही रक्कम मुलासाठी बँकेत ठेवली जाते. वयाबद्दल वाद झाल्यास आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास जन्मदाखला आणि दोन्ही नसल्यासच वैद्यकीय तपासणी, असा क्रम बालन्याय अधिनियमात आहे.

कागदावर हे नीट आहे. पण २००५ मध्ये मुंबईतील जरीच्या कारखान्यांवर धाडी पडल्या आणि बिहारमधील शेकडो मुले परत पाठवली गेली, तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गावी गेल्यावर कर्ज, रिकामी शाळा आणि तोच दलाल वाट पाहत असेल, तर मूल काही महिन्यांत दुसऱ्या शहरात सापडते. धाडीचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते; सहा महिन्यांनी त्या मुलाच्या घरी कोण गेले, हे कोणी छापत नाही. पुनर्वसनाची खरी मोजणी त्या भेटीत आहे.

तक्रार कुठे करायची? आपले नाव उघड होईल का?

१०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक कोणत्याही फोनवरून विनाशुल्क लागतो. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली शासन चालवते आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. केंद्राच्या ‘पेन्सिल’ या संकेतस्थळावर, जवळच्या पोलीस ठाण्यात, सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा बालकल्याण समितीकडेही कळवता येते. मुलाचे नातेवाईक असण्याची गरज नाही; कायद्याने कोणत्याही व्यक्तीला तक्रारीचा अधिकार दिला आहे. नाव गुप्त ठेवण्याची विनंती सुरुवातीलाच करावी. ठिकाण, वेळ आणि मुलांची अंदाजे संख्या नेमकी सांगावी, आणि मालकाला आधी समज देण्याचा मोह टाळावा, कारण त्यानंतर मुले तिथे सापडत नाहीत.

नव्या श्रमसंहितांमुळे हा कायदा बदलला का?

नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या चार संहितांनी २९ कामगार कायदे सामावून घेतले, पण बाल व किशोरवयीन कामगार अधिनियम स्वतंत्रपणे कायम आहे.

हंगामाला निघालेल्या कुटुंबाच्या मुलाची शाळा वाचवण्यासाठी शिक्षक काय करू शकतात?

सर्वांत चांगला उपाय मूल गावातच राहण्याचा आहे, आणि त्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी कुटुंबे निघण्यापूर्वी नोंदवावी लागते. गाड्या गेल्यानंतर मंजूर झालेल्या वसतिगृहाचा उपयोग नसतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिची माहिती पालकांना दसऱ्याच्या आसपासच द्यावी. आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलाकडे आठवड्यातून एकदा जाऊन आले तरी ते टिकण्याची शक्यता वाढते.

मूल गेलेच, तर त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड (नव्या शाळेत दाखवायचे) द्यावे आणि पालकांना सांगावे की कारखान्याजवळची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दाखला नाही, वयाचा पुरावा नाही, वर्ष अर्धे संपले आहे, ही कारणे शिक्षणहक्क कायद्याला मान्य नाहीत, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. मूल सलग ३० दिवस न कळवता गैरहजर राहिल्यास मुख्याध्यापकांनी ते या कायद्यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला कळवले पाहिजे, असा बालकामगार नियमांतच आदेश आहे. अनेक मुख्याध्यापकांना या नियमाची माहिती नसते, म्हणून तो मुद्दाम येथे लिहिला आहे.

मूल एप्रिलमध्ये परत आले तर त्याचे नाव पटावरून कमी केलेले नसावे आणि वयानुरूप वर्गात बसवून त्याला विशेष प्रशिक्षण मिळावे, हा त्याचा हक्क आहे. पहिल्या आठवड्यात त्याला फळ्यासमोर उभे करून वाचायला सांगू नका. बाजूला बसवून विचारा की कोणता कारखाना होता, कोणती नदी लागली, बैलांची नावे काय होती, आणि ते जे सांगेल ते फळ्यावर लिहून त्यालाच वाचायला द्या.